दहा सेकंदांच्या बाई

दुसरीच्या मोठ्या बाई दिवाळीच्या सुट्टीत वारल्या आणि शाळा उघडली त्या दिवसापासून पुन्हा कामावर रुजू झाल्या.

त्यांच्या जागी जी तरुण शिक्षिका आली, तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मुलांनी तासाभरात तिचं नाव ‘बदली बाई’ ठेवलं होतं. बदली बाईंनी चोवीस टॅब वाटले, वाचनाचं अ‍ॅप उघडायला लावलं आणि त्या फळ्याकडे वळल्या. तेवढ्यात पाठीमागून एक थकलेला, मायेचा आवाज आला.

“मी इथंच आहे. घाई नाही.”

बदली बाईंच्या हातातला खडू गळून पडला. मग तेच वाक्य खिडकीजवळून आलं, मग मधल्या बाकावरून, मग दाराशी. जणू कुणीतरी हात मागे बांधून वर्गात फेरी मारत होतं.

“कोण बोललं?”

“मोठ्या बाई,” पहिल्या बाकावरची मॉनिटर म्हणाली. फळ्याला फळा म्हणतात हेही आता तुम्हाला शिकवायचं का, असा तिचा सूर होता.

भानगड अशी होती. टॅबवर वाक्य येतं, मूल ते मोठ्यानं वाचतं, टॅब ऐकतो. मूल दहा सेकंद गप्प राहिलं, की धीर द्यायला शिक्षकांचा आवाज वाजतो आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पाचही वाक्यं पार पडली, की त्या मुलाची खास शाबासकी वाजते. मोठ्या बाईंनी आजारपणात पलंगावर बसून हे सगळं भरून ठेवलं होतं. चोवीस मुलं, चोवीस शाबासक्या. मॉनिटरच्या वाट्याला आली होती ती अशी: “छान. आता जरा दुसऱ्यांनाही बोलू दे.”

शिपाईमामांचा तर संसारच त्या आवाजाबरोबर चालू होता. कपाटात चार्जिंगला लावलेल्या टॅबवर कुणीतरी अ‍ॅप तसंच उघडं ठेवायचं आणि मामा फरशी पुसत असताना कपाट दर दहा सेकंदांनी बोलायचं.

“पहिल्या दिवशी पळालो,” मामांनी सांगितलं. “दुसऱ्या दिवशी विचारलं, बाई, बादली कुठं गेली? तर म्हणे, मी इथंच आहे. म्हटलं तुम्ही आहात हो, बादलीचं काय?”

“मग?”

“मग काय, बादली कपाटामागंच होती.”

बदली बाईंना हसू यायचं आणि त्याच वेळी अंगावर काटाही. वर्गात एकटं बसून वह्या तपासाव्यात आणि पाठीशी कुणीतरी घाई नाही म्हणावं, हे काही बी.एड.ला शिकवत नाहीत. एकदा त्या चुकून “बरं” म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी वह्या शिक्षकांच्या खोलीत तपासायला सुरुवात केली.

हेडसरांना मात्र हसू वगैरे येत नव्हतं. “गेलेल्या माणसाचा आवाज शाळेच्या वेळेत नको,” ते म्हणाले. शाळा सुटल्यावर चालेल का, हा प्रश्न बदली बाईंनी गिळला. “शुक्रवारच्या आत काढून टाका. आणि शुक्रवारी मी स्वतः त्या मुलीचं वाचन घेणार. नाही वाचलं तर पहिलीत परत. उगाच पुढं ढकलण्यात अर्थ नाही.”

ती मुलगी म्हणजे गोगलगाय. हे नाव वर्गानं दिलेलं, आणि तिनं ते एवढ्या सावकाश ऐकून घेतलं होतं की नाकारायची वेळच निघून गेली. अ‍ॅपच्या तक्त्यात तेवीस मुलांपुढं हिरव्या पट्ट्या होत्या आणि तिच्यापुढं भोपळा. ती टॅबकडे बघत बसायची, ओठ थोडे हलायचे, आणि मोठ्या बाई म्हणायच्या, “मी इथंच आहे. घाई नाही.” ओठ मिटायचे. परत पहिल्यापासून. परत ओठ. परत मोठ्या बाई. असं अर्धा तास.

“अगं, येत नाही का तुला?” बदली बाईंनी विचारलं.

ती विचार करत होती. उत्तर यायच्या आत बदली बाईच म्हणाल्या, “बरं, राहू दे हं बाळा.”

गुरुवारी शाळा सुटल्यावर त्या आवाज पुसायला बसल्या. ‘मी इथंच आहे’वर बोट ठेवलं, तर खाली जुन्या प्रयत्नांची भली मोठी यादी निघाली. अ‍ॅप सगळं जपून ठेवत होतं. पहिल्यात खोकला. सहाव्यात “इथंच” म्हणताना दम तुटलेला. अकराव्यात नुसतं, “परत घेते.” एवढंसं वाक्य, आणि बाईंनी ते सतरा वेळा म्हटलं होतं. रिकाम्या वर्गात, चोवीस बाकांसमोर, बदली बाईंनी सतराही ऐकली. शेवटच्यात वाक्य नीट झालं होतं. पण मोठ्या बाई बंद करायचं बटण दाबायला विसरल्या होत्या. थोडा वेळ नुसता श्वास, आणि मग घरातल्या कुणालातरी त्या म्हणाल्या:

“अरे, हे दहाचं पंधरा कसं करायचं? माझ्या गोगलगाईला बारा लागतात. दहाला मीच मध्ये बोलले तर गप्प बसेल ती पोर. मीच शिकवलंय ना तसं.”

पलीकडून कुणीतरी म्हणालं, “उद्या बघू गं आई.”

बदली बाईंनी मान वर केली. भिंतीवर मोठ्या बाईंच्या अक्षरात वर्गाचा पहिला नियम होता: बाई बोलत असताना मध्ये बोलायचं नाही.

तीन आठवडे ती मुलगी वाचायला तोंड उघडत होती आणि तीन आठवडे तिची लाडकी बाई वर जाऊनसुद्धा तिला मध्येच तोडत होती. आणि जिवंत बाईंनीही वेगळं काही केलं नव्हतं.

त्यांनी आवाज पुसला नाही. सेटिंगमध्ये गेल्या, दहाचं पंधरा केलं, सगळीकडचं अ‍ॅप बंद केलं आणि टॅब कपाटात ठेवले. कपाट काहीच बोललं नाही. पहिल्यांदाच.

शुक्रवारी हेडसर घड्याळ घेऊन गोगलगाईच्या बाकाशी उभे राहिले. वाक्य आलं. पाच सेकंद. सात. नवव्या सेकंदाला हेडसरांनी तोंड उघडलं. बदली बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, आणि मनुष्य दुसरीतल्या मुलासारखा गप्प झाला.

दहावा सेकंद आला. सगळा वर्ग सवयीनं थांबला. मोठ्या बाई बोलल्या नाहीत. गोगलगाईनं टॅबकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या नियमाकडे. अकरा.

“म... मांजर कौलावर बसली आहे,” ती म्हणाली.

मग आणखी बारा सेकंद. मग दुसरं वाक्य. हेडसरांनी घड्याळ खिशात टाकलं. पाचवं वाक्य संपलं तेव्हा मधल्या सुट्टीची घंटा होऊन गेली होती आणि कुणीही उठलं नव्हतं. पहिली हिरवी पट्टी उमटली, आणि टॅबमधून तो आवाज आला. आजवर कुणीच न ऐकलेली चोविसावी शाबासकी.

“वाचलंस ना? मला ठाऊकच होतं. थांब हं, नव्या बाईंना सांगते.”

आणि रेकॉर्डिंग संपलं.

चोवीस मुलं, हेडसर आणि दारातले शिपाईमामा, सगळे बदली बाईंकडे बघू लागले. गोगलगाय सगळ्यात जास्त. सांगितलं की नाही, एवढंच तिला हवं होतं.

बदली बाईंच्या मानेवर काटा उभा राहिला. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

“सांगितलं,” त्या म्हणाल्या. “कालच.”