गाउडेन गेला

पहिलं पाणी गटारात टाकायचं नसतं. वेदीवरच्या कापडांना ख्रिस्तशरीराचा, म्हणजे प्रसादाच्या पवित्र भाकरीचा, एखादा कण चिकटून राहिलेला असला तर? म्हणून ते चाफ्याच्या बुंध्याशी ओतायचं आणि मग साबण लावायचा. क्लेमेन बादली तिरकी करून पाणी ओततच होती, तेवढ्यात शेजारची मार्था चर्चच्या मागच्या फाटकातून धावत आली. धाप लागलेली, एका पायातली चप्पल कुठेतरी पडलेली.

"घरी चल," ती म्हणाली. "तुझ्या सासूनं गाउडेनचा फोटो खाली काढलाय."

फोटो खाली काढला म्हणजे काय, ते सांगायची गरज नव्हती. भिंतीवरचा फोटो टेबलावर येतो, त्याच्याखाली पांढरं कापड येतं, पुढे मेणबत्ती येते. क्लेमेननं हात लुंगीला पुसले; इथे बायकाही लुंगीच नेसायच्या. कापडं तशीच ओली ठेवून ती निघाली. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. एरवी भूकंप झाला तरी ती आधी कापडं पिळून वाळत घालेल, असं फादर योरिस गमतीनं म्हणायचे.

ईस्टर होऊन तिसरा आठवडा चालू होता. हे दिवस तिच्या कामाचे. उपवासाच्या चाळीस दिवसांचा जांभळा रंग जातो आणि सगळं पांढरं येतं. फादरांचे झगे पांढरे, वेदी पांढरी, सेवेकरी पोरांचे अंगरखे पांढरे, आणि पोरं म्हणजे मिस्सा संपली की त्याच अंगरख्यांनी नाक पुसणारी. पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत तिच्या हातांना साबणाचा वास असायचा.

घरी सासू जमिनीवर बसली होती. लुसिया तिचं नाव, सगळी वस्ती तिला आईच म्हणायची. काळा ब्लाउज, काळी लुंगी. म्हणजे शोकाचे कपडे पेटीच्या तळातून काढून घालूनही झाले होते. टेबलावर गाउडेन. कपाळावर केस, सव्वीस वर्षांचा, लग्नातलाच फोटो कापून मोठा केलेला. कापला त्या जागी क्लेमेनच्या खांद्याचा तुकडा अजून दिसायचा.

"गाउडेन गेला, नोना," म्हातारी म्हणाली. सुनेला ती नोना, म्हणजे पोरी, अशीच हाक मारायची. "सेन्सी येऊन सांगून गेला."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. क्लेमेनच्याही नव्हतं. ती तिथेच दारात बसली. आपल्याला काय वाटतंय ते तिनं शोधून पाहिलं. काही सापडलं नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

गाउडेन अकरा वर्षांपूर्वी माउमेरेहून बोटीत बसला. मलेशियातल्या तावाऊला, पामच्या मळ्यात. गावातले निम्मे पुरुष तिकडेच. सुरुवातीला फोन यायचे, मग नाताळला एकच फोन यायचा, मग नाताळलाही येईना. तरी दर शुक्रवारी, वस्तीची प्रार्थना ज्याच्या घरी असेल त्याच्या घरी, म्हातारी आपली पाळी आली की तेच म्हणायची, समुद्रापलीकडच्या माझ्या गाउडेनसाठी. आणि सगळे एका सुरात म्हणायचे, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक. क्लेमेनही म्हणायची. कुणासाठी म्हणतोय हे तिला पुढेपुढे आठवेनासं झालं होतं.

सेन्सी ईस्टरला तावाऊहून परत आला होता. तिकडे गुडघा मोडून घेतला आणि नवा फोन घेऊन आला. क्लेमेन त्याच्याकडे गेली तेव्हा तो ओट्यावर पाय लांब करून बसला होता. तिनं विचारलं, कसा गेला, कशानं गेला, कुठे पुरलं.

सेन्सीनं फोन बाजूला ठेवला.

"पुरलं? अगं मी म्हटलं, तो तिथून गेला. आमच्या कॅम्पवरून. दुसऱ्या मळ्यावर गेला, लांब. एवढं बोललो तर म्हातारी मटकन खालीच बसली. मी पुढे बरंच बोललो. तिनं ऐकलं की नाही कुणास ठाऊक."

"पुढे काय बोललास?"

त्यानं गुडघा चोळला. मग आवाज खाली आणून एकेक सांगितलं. गाउडेन ठणठणीत आहे. पोट सुटलंय. तिमोरची एक बाई आहे त्याच्याकडे, कॅम्पातच स्वयंपाक करायची. दोन मुली आहेत. थोरली योविता, आता शाळेत जाते. धाकटी अजून लहान.

क्लेमेनचे कान तापले. एवढंच झालं. उठताना सेन्सीनं तिला थांबवलं.

"हे बघ, राहू दे ना असंच. म्हातारीला आता निदान रडायला तरी मिळेल. आणि तुझंही काही वाईट होणार नाही यात. फादरांनी विचारलं तर मी म्हणेन गेला. खोटं थोडंच आहे? गेलाच आहे तो."

ती निघाली. पण पाय घराकडे न वळता खाली किनाऱ्याकडे वळले.

रोफी बोटीचं इंजिन उघडून बसला होता. बोटींची इंजिनं दुरुस्त करायची, हा त्याचा धंदा. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी त्यानं क्लेमेनला सरळ विचारलं होतं, माझ्याकडे येतेस का. तिनं सांगितलं होतं, नवरा असताना कशी येऊ. नुसतं जाऊन राहायला कोण अडवतंय, वस्तीत तशा तीन बायका होत्या. पण त्या रविवारी कम्युनियनच्या वेळी छातीवर हात आडवे घेऊन जायच्या आणि प्रसादाऐवजी नुसता आशीर्वाद घेऊन परत यायच्या, आणि सगळी वस्ती बघायची. क्लेमेनकडून वेदीची कापडंही काढून घेतली असती. रोफी पुन्हा कधी बोलला नाही. फक्त त्यांच्या घरचं छप्पर गळलं की न बोलावता यायचा.

त्याला बातमी कळली होती. हात पुसून तो उभा राहिला. वाईट झालं म्हणाला. चेहरा मात्र आवरत नव्हता बिचाऱ्याचा.

"वर्षभर काळे कपडे असतीलच तुझे," तो म्हणाला. "मी थांबेन. घाई नाही माझी."

क्लेमेननं त्याला सगळं सांगून टाकलं. मळा, बाई, मुली. सांगेपर्यंत तिला वाटत होतं की सांगितलं की हलकं वाटेल.

रोफीनं पाना उचलला. मग खाली बसला आणि एक नट उगाचच घट्ट करत राहिला.

"मग मला कशाला सांगितलंस?" तो म्हणाला. "न सांगता आली असतीस तर मी तुला आनंदानं घेऊन गेलो असतो."

"आता नाही नेणार?"

"आताही नेईन. पण आता आपण दोघं मिळून त्याला मारल्यासारखं होईल." मग तो जरासा हसला. "चर्चमध्ये या दिवसांत रोज वाचतात, मेलेला माणूस जिवंत होऊन भेटला. आपलं उलटंच चाललंय."

तिला हसू आलं नाही. तो म्हणाला, तू गप्प राहिलीस तर मीही गप्प राहीन. तू ठरव.

शुक्रवारची प्रार्थना त्यांच्याच घरी ठरली. तोपर्यंतचे दिवस क्लेमेननं कसेतरी काढले. बायका केळी, मका, कॉफी घेऊन येत होत्या. गालाला गाल लावून रडत होत्या. तुझं वय तरी काय गं, म्हणत होत्या, आणि डोळे पुसता पुसता रोफीचं नावही काढत होत्या, एक वर्ष जाऊ दे, मग बघू. चर्चमध्ये फादर योरिस यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, येत्या रविवारी मृतांच्या नावांत त्याचं नाव घेऊ. ती मान खाली घालून झग्यांच्या घड्या घालत राहिली. इतकी वर्षं कुणी तिला धड विधवा म्हणत नव्हतं की धड सवाष्ण. आता तिला एक नाव मिळालं होतं, जागा मिळाली होती. फक्त गप्प बसायचं होतं. तिच्या मनात येत होतं, मी कुठे काय बोलले? आणि इस्त्री फिरवता फिरवता मनात यायचं, देवाच्या अंगावरची कापडं मी धुते, आणि मला हे जमतंय.

शुक्रवारी दुपारी सासूनं तिच्यासाठी काळा ब्लाउज काढून ठेवला. क्लेमेननं तो घातला. मग चुलीपाशी गेली. म्हातारी कसावा सोलत होती.

"आई, मला एक सांगायचंय. सेन्सी म्हणाला ते तसं नाही. तो कॅम्पवरून गेला. दुसरीकडे गेला. जिवंत आहे तो."

म्हातारीची सुरी थांबली नाही.

"तो गेला म्हणाला. मी गेला ऐकलं."

"पण आई—"

"बहिरी नाही मी, नोना. सगळं ऐकलं. ती तिमोरची बाई, पोरी. धाकटीला माझं नाव दिलंय मेल्यानं. लुसिया. नाताळलासुद्धा एक फोन करवत नाही आणि नाव देतोय." तिनं कसाव्याचा तुकडा पाण्यात टाकला. "तू चव्वेचाळीसची झालीस. मी उद्या गेले की या घरात तू आणि हा फोटो. मी आई आहे त्याची. मी मेला म्हटलं की मेला. कोण विचारणारे मला?"

"आणि देव?"

"देवाचं मी बघते. तुला कुणी विचारलं नाही. तू कॉफी ठेव."

क्लेमेननं कॉफी ठेवली.  म्हातारीचा इतका राग तिला कधीच आला नव्हता, आणि त्याच क्षणी तिच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटत होतं.

दिवेलागणीला माणसं जमली. चटया अंथरल्या, जागा पुरेना तेव्हा पुरुष ओट्यावर बसले. रोफी दाराजवळच्या बाकावर होता, धुतलेला शर्ट घालून. वस्तीचे प्रमुख गोरिस, ज्यांना सगळे मानानं मोआत म्हणायचे आणि ज्यांचं कोपऱ्यावर दुकान होतं, ते टेबलापाशी उभे राहिले. त्यांनी फोटोपुढची मेणबत्ती पेटवली. गाणं झालं, वाचन झालं. मग ते म्हणाले, आधी जिवंतांसाठी मागू या, मग आपल्या गाउडेनच्या आत्म्यासाठी.

चटईवरून एकेक जण बोलू लागला. कुणाच्या नातवाला ताप होता. कुणाची मुलगी परीक्षेला बसली होती. मार्थानं नवऱ्याची दारू सुटावी म्हणून मागितलं, तो शेजारीच बसला होता, आणि दोघीतिघींनी हसू दाबलं. पाळी म्हातारीपाशी आली.

इतकी वर्षं या जागी ती बोलायची. आज काही बोलायचं नव्हतं. तिचा शब्द नंतर, मृतांच्या वेळी. गोरिस पुढे सरकलेही होते. पण क्लेमेन शेजारी बसली होती आणि तिला दिसलं, म्हातारीचे ओठ हलले. ल म्हणण्यासाठी जीभ वरच्या दातांमागे लागते तशी लागली आणि तिथेच राहिली. मग तिनं तोंड मिटलं. नातीचं नाव होतं ते. ते आता तिला या घरात कधीच मोठ्यानं घेता येणार नव्हतं. नात म्हटली की ती कुठली, तिचा बाप कुठे, हे कुणीतरी विचारणारच.

क्लेमेन उठून उभी राहिली.

"मोआत गोरिस, गाउडेनला जिवंतांत घ्या," ती म्हणाली. "तो तावाऊकडेच आहे. दुसरं घर केलंय त्यानं. दोन मुली आहेत. त्यांनाही घ्या."

ओट्यावरच्या माना आत वळल्या. सेन्सी पाय आवरून घेऊन भिंतीला टेकला. कुणीतरी "म्हणजे?" असं म्हणालं आणि बायकोनं त्याला गप्प केलं.

"खाली बस," म्हातारी तिच्याकडे न बघता म्हणाली. आवाज चिरका होता.

"नाही बसणार, आई."

"मूर्ख आहेस तू."

"असेन."

म्हातारीनं लुंगीच्या ओच्यातून जपमाळ काढली, पुन्हा आत ठेवली. सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं मान वर केली तेव्हा तिचा सगळा चेहरा ओला झाला होता, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"थोरलीचं नाव काय म्हणाला होता सेन्सी?" तिनं क्लेमेनला विचारलं. "मला धाकटीचंच राहिलं लक्षात."

"योविता."

"योविता," म्हातारी म्हणाली. मग दोन्ही हात जोडून, जरा जास्तच मोठ्यानं, जणू समुद्रापलीकडे ऐकू जायला हवं, "समुद्रापलीकडच्या माझ्या गाउडेनसाठी, आणि योवितासाठी, आणि लुसियासाठी."

फोटोपुढची मेणबत्ती विझवायची की राहू द्यायची, हे गोरिस यांना ठरवता येईना. त्यांचा हात पुढे गेला आणि परत आला.

"हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक," सगळी खोली म्हणाली.

क्लेमेनही म्हणाली. काळ्या ब्लाउजची बाही मनगटापर्यंत ओढून घेत ती खाली बसली. तिनं दाराकडे बघितलं नाही. सगळे गप्प झाल्यावर, पुढच्या माणसानं तोंड उघडायच्या आत, दाराजवळच्या बाकावरून एकट्या रोफीचा आवाज आला. तो तेच शब्द, सावकाश, शेवटपर्यंत म्हणत होता.