पंचाक्षरी मास्तरांचा सोमवार

सात रस्त्याजवळच्या मिशनच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी दुपारी खिडक्यांना काळे पडदे लावून सिनेमा दाखवत. बर्फातल्या वस्तीत दवाखाना चालवणारा पाद्री, कैद्यांना अक्षरं शिकवणारी सिस्टर, अशा माणसांचे सिनेमे. बोलणं सगळं इंग्रजी. म्हणून पंचाक्षरी मास्तर पडद्याशेजारी उभे राहून ते मराठीत सांगत. वळसंगकडची म्हातारी मंडळी आलेली दिसली की मध्येच कानडीतही सांगत. मास्तर लिंगायत. कपाळाला विभूती लावूनच ते हॉलात येत आणि पाद्रीसाहेब त्यांना हौसेनं बोलावून घेत.

भवानी पेठेतल्या एका हायस्कुलात मास्तर इंग्रजी शिकवत. सिनेमा झाला की दुसऱ्या दिवशी, सोमवारी, प्रार्थनेनंतर ते मुलांना तो रंगवून सांगत आणि त्यातून काय घ्यायचं तेही सांगत. कधी सेवा, कधी धीर, कधी खरेपणा. मुलं कान टवकारून ऐकत. मास्तरांनाही आपलं बोलणं आवडत असे.

फक्त खरेपणाविषयी बोलताना गेले काही महिने त्यांची जीभ अडखळायची.

त्याला कारण होतं. चौऱ्याहत्तरच्या एप्रिलात नववीचा इंग्रजीचा पेपर परीक्षेच्या आदल्या दिवशी फुटला. चिवड्याच्या गाडीवर पुडी बांधायला त्याचाच एक कागद निघाला. सगळी शाळा मैदानात जमलेली असताना मास्तर तावातावानं म्हणाले होते, "स्टाफरूम झाडायला केसरबाईच असते. तिच्याशिवाय कोण नेणार?"

केसरबाई शाळेत पाच वर्षं शिपाई होती. विधवा बाई, पदरात एक मुलगी. तिनं परोपरीनं सांगितलं, पण तिचं कोण ऐकतो? दुसऱ्या दिवसापासून तिचं काम सुटलं.

दिवाळीत घर आवरताना मास्तरांची बायको रत्नम्मा सहज म्हणाली, "रद्दीवाल्याला हा गठ्ठा पण देऊ का? एप्रिलात दिला होता की, तुमच्या टेबलाखालचा, तसलाच हाय."

मास्तर जागच्या जागी बसले. सायक्लोस्टाईलवर पेपर छापताना बिघडलेले कागद त्यांनीच घरी आणून टेबलाखाली टाकले होते. पेपर त्यांच्याच घरातून फुटला होता. त्यांनी बायकोला काही सांगितलं नाही, शाळेतही नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करत फेब्रुवारी उजाडला.

त्या रविवारचा सिनेमा एका बिशपचा होता. त्यानं चर्चच्या बागेतल्या माळ्यावर चोरीचा संशय घेऊन त्याला हाकलून दिलं होतं. पुढं खरा प्रकार कळला, तेव्हा भर प्रार्थनेत तो खाली उतरला, लोकांच्या मधोमध उभा राहिला आणि बोलू लागला. मास्तर नेहमीप्रमाणे त्याचं बोलणं 'मी' म्हणूनच सांगत होते.

"मी या माणसावर..." एवढं म्हणून त्यांचा आवाज बसला. पडद्यावर बिशपचे ओठ हलत राहिले. लोकांना वाटलं, घसा कोरडा पडला असेल. कुणीतरी पाणी आणून दिलं. मास्तर पाणी प्यायले आणि म्हणाले, "मी या माणसावर खोटा आळ घेतला. मला कळलं होतं, तरी मी गप्प बसलो."

दुसरं वाक्य सिनेमात नव्हतं. इंग्रजी जाणणारे पाद्रीसाहेब तेवढे मान वळवून मास्तरांकडे पाहत राहिले.

सिनेमा संपताच मास्तर चालत केसरबाईच्या घरी गेले. ती दारात बसून कारखान्याच्या चादरींच्या दशांना गाठी मारत होती. मास्तरांनी उभ्यानंच सगळं सांगितलं आणि हात जोडले. तिचे हात थांबले नाहीत.

"कवा कळलं म्हनायचं तुमाला?"

"दिवाळीत."

"मंजे चार म्हयने झाले की." तिनं एक गाठ करकचून आवळली. "मला एकटीला सांगून काय उपेग, मास्तर? माझ्या पोरीला साळंत चोरटीची पोर म्हनत्यात. तिनं साळंचं नाव टाकलं. जितं म्हनला हुता, तितंच म्हना. समद्यांम्होरं."

"म्हणतो. उद्याच म्हणतो."

सोमवारी प्रार्थना झाली. मुलं गोष्टीसाठी सरसावून बसली. मास्तरांनी त्या दिवशी सिनेमा सांगितलाच नाही. पेपर कुठून फुटला, आळ कुणावर घेतला, खरं कधी कळलं आणि आपण किती दिवस लपवलं, ते त्यांनी सांगितलं.

हेडमास्तर सिद्धप्पा तापले. "माझ्याशी आधी बोलायचं सोडून मुलांपुढं कशाला? शाळेची अब्रू गेली की हो!"

"अब्रू एप्रिलातच गेली, सर. ती केसरबाईची होती एवढंच," मास्तर म्हणाले.

संस्थेनं मास्तरांना ठपक्याचं पत्र दिलं आणि परीक्षेचं काम काढून घेतलं. सोमवारचं भाषणही बंद झालं. मास्तरांना ते लागलं, पण जेवण पुन्हा गोड लागू लागलं होतं. केसरबाईला परत घेण्यासाठी ते चार महिने संस्थेच्या चकरा मारत राहिले. जूनमध्ये शाळा उघडली आणि तिला बोलावणं गेलं.

केसरबाई मुलीला घेऊनच आली. हेडमास्तरांनी ऑर्डर पुढं केली. तिनं ती मुलीच्या हातात दिली. "वाच."

"सहानुभूतीपूर्वक विचार करून, दयाबुद्धीने कामावर परत घेण्यात येत आहे," मुलीनं वाचलं.

केसरबाईनं कागद टेबलावर ठेवला. "दया कसली, साहेब? म्या काय केलं हुतं? आळ खोटा निगाला आसं लिवा, मग सही करते."

"अहो बाई, काम मिळतंय ना? शब्दाचं काय एवढं?" सिद्धप्पा वैतागले.

दारात उभे असलेले मास्तर आत आले. "सर, त्या म्हणतात ते बरोबर आहे. शब्द माझाच चुकला होता, म्हणून तर हे सगळं घडलं. मी टाइप करून आणू का?"

सिद्धप्पांनी चष्मा काढून पुसला आणि मान डोलावली. मास्तरांनी ऑफिसात बसून दोन बोटांनी स्वतः कागद टाइप केला: 'आरोप खोटा ठरल्याने पूर्ववत कामावर घेण्यात येत आहे.'

मुलीनं तो दोनदा वाचला. मग केसरबाईनं पेन घेतलं आणि एकेक अक्षर जोडत सही केली.

"आता हिचं नाव घाला आटवीत," ती म्हणाली. "आन् मास्तर, हिचं इंग्रजी लई कच्चं हाय. वरीस बुडालंय तिचं."

"शाळा सुटल्यावर रोज तासभर बसवतो," मास्तर म्हणाले.

"व्हय. मी बी दारात बसनार, नीट शिकिवताय का बगाया," केसरबाई म्हणाली. तिनं पदर खोचला आणि वर्गांच्या किल्ल्या मागून घेतल्या.