एकनाथची टाच

मी हिम्मत, दवाखान्याच्या लॅबमध्ये काचा करतो. म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा मेणात बसवायचा, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ कापायचा, काचेवर चिकटवून रंग चढवायचा. तेवीस वर्षं झाली. डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही, आणि त्याची मला भारी घमेंड होती.

बायको गेल्यापासून इथं हैदराबादेत माझं माणूस म्हणजे एकटा एकनाथ, महसूल खात्यातला कारकून. रोज संध्याकाळी आम्ही सुलतान बाजारातून आबिड्सपर्यंत चालत जायचो. चोपन्न साली त्यानं टाचेच्या वर, मागच्या बाजूला दुखतं म्हणून कुरकूर सुरू केली. सकाळी पहिली चार पावलं टाकताना जीव जातो म्हणे. मी दाबून पाहिलं. ना लाल, ना गरम. म्हटलं, "चल रे, नखरे नक्को करू!" हळूहळू त्याचं फिरणंच बंद झालं. मी जाम चिडलो.

छप्पन साली हैदराबाद राज्याचे तुकडे झाले आणि आमची मराठी मंडळी भराभर औरंगाबादला निघाली. एकनाथलाही बदलीचा हुकूम आला. टाचेचं ऑपरेशन ठरलंय, मला हैदराबादलाच ठेवा, असा त्यानं अर्ज केला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! त्या आनंदाच्या भरात, औरंगाबादला निघालेल्या मंडळींच्या निरोपाच्या चहाला, त्याच्या साहेबांसमोर मी बोलून गेलो, "ह्याची टाच औरंगाबादचं नाव काढलं की दुखते!" सगळे हसले. साहेबही हसले. आठ दिवसांत अर्ज नामंजूर. ऑपरेशन करून घ्या आणि महिन्याभरात तिकडे हजर व्हा. माझ्या मेल्या जिभेला हाडच नाही.

ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा माझ्याच टेबलावर आला. काच केली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. टाचेमागच्या त्या जाड दोरीला डॉक्टर कंडरा म्हणतात. चांगल्या कंडरेचे धागे विंचरलेल्या केसांसारखे एका ओळीत असतात. इथं सगळा गुंता. धागे फाकलेले, तुटलेले, मध्ये चिकट लगदा साचलेला, आणि नको तिथं बारीक रक्तवाहिन्या घुसलेल्या. सुजेच्या पेशी मात्र शोधूनही सापडेनात.

"सूजन नक्को ढूंढो, मियाँ," लॅबचे डॉक्टरसाहेब काच पाहून म्हणाले. "बरसों की घिसाई है. ये आदमी चलता कैसे था?"

रिपोर्टवर त्यांची सही घेतली आणि धावत सुटलो.

एकनाथ पायाला प्लास्टर घालून खाटेवर बसला होता, ट्रंक भरत होता.

"नाथा, हे बघ! आता तुझ्या साहेबाचा बापही नाही म्हणणार नाही. तुला खरंच दुखत होतं रे!"

"होतं," तो म्हणाला.

"मी स्वतः पाहिलं, या डोळ्यांनी!"

"दोन वर्षं मी या तोंडानं सांगत होतो, हिम्मत."

मी खाली बसलो. "चुकलं माझं. आत्ता जातो, साहेबांचे पाय धरतो. तू गेलास तर मी इथं बोलू कुणाशी?"

त्यानं धोतराची घडी घालून ट्रंकेत ठेवली.

"नको. तिथं मला कुणी ओळखत नाही. मी लंगडलो तर लोक म्हणतील, लंगडतोय बिचारा. बस, तेवढंच."

रिपोर्ट त्यानं हातातसुद्धा घेतला नाही.