बारा पावलं

टेपच्या टोकाची कडी तिने गोलरेषेत ठोकलेल्या खिळ्यात अडकवली आणि दवाने ओल्या झालेल्या गवतावरून टेप सोडत ती पेनल्टीच्या पांढऱ्या ठिपक्यापर्यंत आली. गुडघ्यावर बसून आकडा वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. दहा मीटर वीस.

हवे होते अकरा.

ती उठून समोरच्या गोलकडे गेली. तिथेही दहा वीस. मग शेजारच्या तीन नंबरच्या मैदानावर गेली, तिथे दहा बावीस. टेपच खोटी असेल म्हणून तिने गोलच्या दोन खांबांमधलं अंतर मोजून पाहिलं. ते सात बत्तीस, जिथल्या तिथे होतं. टेप बिचारी खरं बोलत होती. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि कॉलेज क्लबांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेचा दुसरा दिवस नऊ वाजता सुरू व्हायचा होता.

मैदानं चार होती आणि सोळा संघ आले होते, सगळे मुलींचे. क्लबचा संघ म्हणजे कॉलेजचा लाडका संघ नव्हे. त्याला कोच नसतो, शिष्यवृत्ती नसते. मुलीच सराव ठरवतात, वर्गणी काढून बस करतात आणि संघाचे कपडे पाळीपाळीने घरी नेऊन धुतात. अशा पोरींना वर्षातून एकदा तरी नीट आखलेलं मैदान आणि नीट वेळापत्रक मिळावं, एवढ्या एका हट्टापायी ती सतरा वर्षं ही स्पर्धा भरवत आली होती. सतरा वर्षांत तिने एकही सामना पुरता पाहिला नव्हता. पण रेषा वाकडी आहे असं म्हणायची कोणाची छाती झाली नव्हती.

काल संध्याकाळपर्यंत तरी नव्हती. हरलेल्या एका संघाची गोलकीपर हातमोजे काखेत धरून तिच्या टेबलापाशी आली होती.

"मॅडम, तक्रार नाही माझी. पण चार नंबरवर चेंडू लवकर येतो."

"लवकर म्हणजे?"

"पेनल्टीचा. मी रोज शंभर अडवते, त्यामुळे उडी कधी मारायची ते अंगात बसलंय. आज मी उडी मारली तेव्हा तो पोचलेला होता."

तिने मुलीची पाठ थोपटली आणि मनात म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. पहाटे जाग आली तेव्हा मात्र ते बोलणं डोक्यात होतं, आणि आता हातात टेप होती. अंगण खरंच वाकडं निघालं होतं. कालच्या आठ सामन्यांत पेनल्टी एकच झाली होती आणि तिच्यावरच तो सामना एक-शून्यने गेला होता. त्या हरलेल्या मुलींची बस साडेआठला सुटणार होती.

ठिपके तिच्या बाबांनी मारले होते.

बाबा या मैदानांचे एकतीस वर्षं राखणदार होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण स्पर्धेच्या रेषा त्यांच्याच. दोन महिने आधीपासून ते घरात विचारत फिरायचे, रेषांची फक्की आणली का, चाळली का, आखणीच्या गाडीचं चाक कुरकुरतंय का. बाकीच्या रेषा ते गाठी मारलेल्या दोरीने आखत. पेनल्टीचा ठिपका मात्र पायाने. टाच गोलरेषेला लावायची, बारा पावलं टाकायची, थांबायचं आणि टाचेने खूण करायची. सुरुवातीची कित्येक वर्षं मुख्य रेफरी मागून टेप लावून बघत आणि मुली टाळ्या वाजवत, कारण फरक कधी बोटभराच्या वर नसे. तीन वर्षांपूर्वी तिनेच तपासणीच्या यादीतली 'ठिपके टेपने मोजणे' ही ओळ खोडली. "बाबांचं पाऊल म्हणजे टेपच," असं ती सगळ्यांसमोर म्हणाली होती. बाबांना ते वाक्य महिनाभर पुरलं होतं.

तिने मनातल्या मनात बाराने भागलं. पावलामागे चार बोटं कमी पडत होती.

सामानाच्या खोलीकडे जाताना तिने सगळा बेत आखला. बादलीभर पाणी, एक ब्रश आणि तासभर वेळ. जुने ठिपके धुवायचे, नवे मारायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. टेप तिने पाठीमागे धरली.

बाबा पालथ्या बादलीवर बसून फक्की चाळत होते. भुवयांपर्यंत पांढरे झाले होते.

"काय गं, इतक्या सकाळी मैदानात?"

"चार नंबरचे ठिपके फिके झालेत. मी मारून घेते. तुम्ही बसा."

"फिके कसे होतील? काल संध्याकाळी मी सगळ्यांवर हात फिरवलाय." त्यांनी चाळणी थांबवली. "आणि ताकाला आलीस तर भांडं कशाला लपवतेस? टेप दिसतेय मला."

तिने टेप पुढे घेतली.

"किती भरलं?"

"दहा वीस."

"कुठला ठिपका?"

"तीन पाहिले बाबा. तिन्ही तसेच."

त्यांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. उभ्या जन्मात कधी खोटं न बोललेल्या शेजाऱ्याकडे पाहावं, तसं पाहिलं. मग चाळणी उलटी करून हलकेच आपटली, नेहमीसारखी.

"काल चार नंबरला पेनल्टी झाली होती."

"हो."

"गोल झाला?"

"झाला. त्याच्यावरच सामना गेला." मग तिला राहवलं नाही. "बाबा, कोणाला ठाऊक नाहीये. तासाभरात सगळं नीट होईल. तुम्ही नका त्यात पडू."

बोलताना तिला स्वतःची लाज वाटली. पण पुन्हा वेळ आली असती तर ती पुन्हा तेच बोलली असती. वर्षातले हे तीन दिवस सोडले तर बाबांना कोणी काही विचारत नव्हतं. घरी ते खिडकीशी बसत. अलीकडे संध्याकाळी ती परतायची तेव्हा फाटकाशी उभे असत. 'माझी वाट बघत असे ताटकळू नका' म्हणून ती रागवायची आणि ते निमूट आत यायचे. हे तीन दिवसही गेले तर त्यांच्याकडे काय उरणार होतं?

"कोणाला ठाऊक नाही कसं? तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे," बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. "घरातलीच दोन माणसं. चल."

"यादीतली ओळ मी खोडली होती."

"ओळ तू खोडलीस. पाय माझे होते."

मुख्य रेफरी दाढी करत होते. पोरी त्यांना पाठीमागे शिट्टीसाहेब म्हणत. अर्ध्या गालावर फेस घेऊन त्यांनी सगळं ऐकलं.

"सामन्याच्या कागदावर दोन्ही कॅप्टनच्या सह्या झाल्यात. सही झाली की विषय संपला," ते म्हणाले. मग बाबांकडे पाहून त्यांनी सुस्कारा सोडला. "पण तुमच्या या क्लबांचा तो एक नियम आहेच म्हणा."

नियम जुना होता. कोच नाहीत, म्हणजे भांडायला मोठी माणसं नाहीत. वाद झाला की दोन्ही कॅप्टननी समोरासमोर बसायचं. दोघींचं एकमत झालं तर समितीने मान खाली घालून ऐकायचं.

तर सव्वासातला बसशेजारी दोघी उभ्या राहिल्या. हरलेल्या संघाची कॅप्टन पिशव्यांच्या ढिगाजवळ होती. जिंकलेली, म्हणजे काल पेनल्टी मारणारीच, वसतिगृहातून तशीच आली होती, दात घासायचा ब्रश हातात. बाबांनी घसा खाकरला.

"कालचा ठिपका मी मारला होता. ऐंशी सेंटिमीटर जवळ पडला. टेपने मोजायला हवा होता, मी पायाने मोजला. चूक माझी आहे."

लेक त्यांच्या मागे उभी होती. बाबांची मान तिला मागून दिसत होती, ताठ, फक्कीने पांढरी झालेली. तिला वाटलं, पुढे होऊन त्यांच्यासमोर उभं राहावं. ती जागेवरून हलली नाही.

बसच्या पायरीवर गोलकीपर थबकली होती. 'मी सांगितलं होतं ना' असं ती म्हणू शकली असती. तिने फक्त खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"म्हणजे माझा गोल खोटा?" ब्रशवालीने विचारलं.

"खोटा नाही. जवळचा," बाबा म्हणाले.

कोणीतरी खुदकन हसलं. ब्रशवाली मात्र विचारात पडली.

"लांबून परत मारला आणि नाही गेला तर?"

"तर शून्य-शून्य," रेफरी म्हणाले. "मग दोघींच्या पाच-पाच पेनल्टी."

"अगं, वेड लागलंय का तुला?" तिच्या संघातली एक मागून कुजबुजली. "जिंकलोय आपण!"

"मग परतही जिंकू," ती म्हणाली. "नऊ वाजता खेळताना माझ्या डोक्यात हे नको. ब्रश धर." मग तिने समोरच्या कॅप्टनकडे पाहिलं. "चालेल?"

"चालेल," हरलेली कॅप्टन म्हणाली आणि तिने हरलेला सामना परत मिळाल्यावर माणसाने जितकं गंभीर राहायचं तितकं गंभीर राहायचा प्रयत्न केला.

चार नंबरवर जुना ठिपका धुतला गेला. लेकीने स्वतः गोलरेषेवर टेपचं टोक दाबून धरलं आणि बाबांनी दुसरं टोक नेलं. अकरा मीटरवर त्यांनी फक्कीची मूठ सोडली. नव्या ठिपक्याच्या पुढे जुन्याचा ओला डाग राहिला. दोन्ही संघ रेषेबाहेर उभे होते. कोणी ओरडत नव्हतं.

शिट्टी झाली. मुलगी धावली. गोलकीपरने क्षणभर वाट पाहिली आणि उजवीकडे झेपावली, बरोबर चेंडूच्या दिशेला. चेंडू तिच्या बोटांना लागला, खांबाच्या आतल्या बाजूवर आदळला आणि जाळीत गेला.

एका बाजूने आरोळी उठली आणि लगेच विरली, कारण गोलकीपर अजून गवतावर पडून होती. मग ती उठली. गालाला गवत चिकटलं होतं. हातमोजे काढत ती सरळ बाबांपाशी आली.

"आज वेळेवर आला, आजोबा."

"पण गेला."

"गेला. ते माझं."

तिने बाबांच्या हातात हात दिला, त्यांची फक्की तिच्या तळव्याला लागली आणि ती बसकडे निघाली. गोलकीपरच्या पाठीकडे बघताना बाबांच्या लेकीचे डोळे भरून आले. तिने घड्याळ बघितल्यासारखं केलं. आठला वीस कमी होते.

खिशातली यादी काढून तिने खोडलेली ओळ शोधली आणि तिच्याखाली तीच ओळ पुन्हा लिहिली. 'ठिपके टेपने मोजणे.' शेजारी 'कोणी करायचं' असा रकाना होता. पेन तिथे अडखळलं.

"काय लिहितेस?" समोरच्या गोलकडे निघालेले बाबा वळून म्हणाले. "टेपला दोन माणसं लागतात. दोघांची नावं लिही."

तिने लिहिली. मग तिकडच्या गोलरेषेवर जाऊन बसली आणि टेपचं टोक धरलं. बाबांनी टाच रेषेला लावली आणि ते चालू लागले. टेप त्यांच्या हातातून सुटत गेली. त्यांचे ओठ हलताना तिला दिसत होते. बाराव्या पावलावर ते थांबले नाहीत. आणखी एक टाकलं, तेव्हा टेप ताठ झाली. त्यांनी वाकून आकडा पाहिला.

"तेरा," ते म्हणाले.

त्यांनी फक्की टाकली, पण लगेच सरळ झाले नाहीत.

"आपल्या दारापासून फाटकापर्यंत तीस पावलं व्हायची," ठिपक्याकडे बघत ते म्हणाले. "यंदा तेहतीस व्हायला लागली. मला वाटलं, मोजायला चुकतोय. म्हणून रोज संध्याकाळी जाऊन मोजायचो."

तिच्या डोळ्यांपुढे फाटक उभं राहिलं. फाटकाशी थांबलेले बाबा, आणि 'वाट बघत ताटकळू नका' असं म्हणत पुढून आत जाणारी ती.

"बाबा..."

"घट्ट धर," ते म्हणाले. "सहा राहिलेत अजून."

तिने टेपचं टोक दोन्ही हातांनी धरलं.