रिकामी पहिली ओळ

"पेन चालत नाही का, आत्याबाई?" फादरांनी विचारलं.

"पेन चालतंय. हात चालत नाहीये," आत्याबाई म्हणाल्या.

चर्चच्या दाराशी टेबल मांडलं होतं, टेबलावर कागद आणि मागे प्रार्थना संपवून निघालेल्या माणसांची रांग. इथल्या कुठल्याही कागदावर पहिली सही आत्याबाईंची. छपराच्या दुरुस्तीचा अर्ज असो की नव्या घंटेचा, आधी त्या, मग बाकीचे. हा मान त्यांना कुणी दिलेला नव्हता, त्यांनीच घेतला होता. आणि अडतीस वर्षं वेदीची कापडं धुऊन, खळ घालून, कडक इस्त्री करणाऱ्या बाईकडून तो काढून घ्यायची छाती कुणाची नव्हती. शाळेचं तोंड त्यांनी दोनच वर्षं पाहिलेलं. नाव तेवढं लिहिता येई, पण ते अशा तोऱ्यात लिहीत की बघणाऱ्याने बाजूला व्हावं.

"आधी वाचून दाखवा. न वाचता एकदा सही केलीय, ती अजून झोंबते."

फादरांनी वाचलं. दोन पुरुषांच्या किंवा दोन बायकांच्या लग्नाला कायद्याने मान्यता देऊ नये, अशी सरकारला विनंती होती.

रांगेतल्या माना खाली गेल्या. आत्याबाईंची धाकटी लेक तेरा वर्षं औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईबरोबर संसार करत होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या बाईला आत्याबाई 'पाहुणी' म्हणत. सुरुवातीला टोचावं म्हणून, पुढे सवयीने. "तुमची पाहुणी अजून गेली नाही का हो?" असं कुणी खोचकपणे विचारलंच, तर म्हणत, "नाही बाई. तुमच्या जावयाइतकं पटकन जायला जमत नाही तिला."

"फादर, या दोघी तुमच्या वेदीसमोर यायचं म्हणतायत का?"

"नाही, पण..."

"मग सरकारी कचेरीत त्यांनी नावं लिहिली तर वेदीचं कापड मळतं का? मळलं तर धुवायचं मलाच आहे, म्हणून विचारते."

मागे कुणीतरी हसलं आणि हसू खोकल्यात लपवलं.

फादर भला माणूस. चिडले नाहीत. "विवाह हा पवित्र संस्कार आहे, आत्याबाई. देवाने तो स्त्री-पुरुषांसाठी नेमलाय. कायदा बदलला की माणसांची समजही बदलते. चर्चने गप्प कसं बसायचं?"

"संस्कार तुमचा, नोंद सरकारची. काडीमोड घेतलेल्यांची दुसरी लग्नं कचेरीत रोज लागतात. चर्च ती मानत नाही. त्यावर कधी कागद काढलात? माझ्या थोरल्याने तेच केलं, तर तुम्ही त्याच्याकडे चहा पिऊन आलात."

रांगेतून चर्चचे चिटणीस पुढे सरसावले. "आत्याबाई, वेदीची सेवा करणाऱ्यांना हे शोभत नाही. कापडं धुणारे दुसरेही मिळतील."

त्या कापडांच्या इस्त्रीवाचून आत्याबाईंच्या आठवड्याला शनिवार नव्हता. पण चेहऱ्यावरची घडी मोडली नाही.

"मिळतील की. खळ किती घालायची ते सांगून ठेवीन." मग त्या फादरांकडे वळल्या. "गेल्या वर्षी धाकटीच्या आतड्याला पीळ पडला. डॉक्टर म्हणाले, लगेच ऑपरेशन, नातेवाइकाची सही हवी. पाहुणी समोर उभी. धाकटीला कुठलं औषध सोसत नाही, सगळं तिला तोंडपाठ. तिची सही चालली नाही. मैत्रीण ना? बाहेर बसा, म्हणाले. मग गाडी पाठवून मला आणलं. अडीच तास. तो कागद मला वाचतासुद्धा येत नव्हता, फादर, पण माझी सही चालली. या चार अक्षरांसाठी माझी लेक अडीच तास तळमळत पडली. बाहेर आले तर पाहुणी बाकावर, धाकटीच्या चपला मांडीवर घेऊन."

आत्याबाईंनी पेन या हातातून त्या हातात घेतलं.

"मी तिला विचारलं, तुला आता काय म्हणू गं, सून की जावई? म्हणाली, काहीही म्हणा, आई, पण पुढच्या वेळी मला आत सोडतील असं काहीतरी म्हणा. ते मला म्हणता येत नाही. ते फक्त कायद्याला म्हणता येतं. आणि तुम्ही त्याचंच तोंड बांधायला निघालात."

त्यांनी पेनाला टोपण लावलं, ते कागदावर आडवं ठेवलं आणि बाजूला झाल्या. "ज्यांना करायचीय त्यांनी करा."

पहिलं कोण करणार? रांगेतल्या, चर्चमध्ये गाणाऱ्या बाईला गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं. तिच्यामागचा सुतार चष्मा शोधत राहिला, तो त्याच्या कपाळावर होता. शेवटी चिटणिसांनी पेन उचललं, झोकात सही ठोकली. केली ती दुसऱ्या ओळीवर. पहिली ओळ त्यांनी सवयीने आत्याबाईंसाठी सोडली होती.

सुतार आधी हसला. मग सगळी रांगच हसली, आणि हसता हसता पांगली. फादरांनी त्या एका सहीचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

शुक्रवारी ते स्वतः कापडांचं बोचकं घेऊन आत्याबाईंच्या दारात उभे राहिले. "माझं मत बदललेलं नाही, आत्याबाई."

"माझंही नाही. ठेवा तिथे."

तशा लग्नांना मान्यता देणारा कायदा व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. कचेरीत धाकटीशेजारी पाहुणी पांढऱ्या सदऱ्यात उभी होती. इस्त्री कुणाची, ते कॉलर बघून कळत होतं. कारकुनाने साक्षीदाराच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि आत्याबाईंचं वय बघून शाईची डबी पुढे केली.

"आजी, अंगठा चालेल."

आत्याबाईंनी डबी एका बोटाने मागे सारली.

"मागे अशी बरीच जोडपी थांबलीत, आजी."

"थांबू देत. त्यांना सवय आहे."

त्यांनी चारही अक्षरं एकेक करून मांडली. मग हात उचलून कोरडा पुसला, आणि अक्षरांच्या डोक्यावरून एका दमात रेघ ओढली, वेदीच्या कापडाच्या काठासारखी सरळ.