पानातला संचार

"पान आज माझ्याशी बोललं गं. म्हणालं, सुई सोड, श्वास धर. अगदी माझ्या मनातलं ओळखलं बघ त्यानं."

फोनवरचा आईचा हरखलेला आवाज. लेक तेव्हा कामात होती. हूं हूं करत तिनं फोन ठेवला. आईनं साखरेची, इन्सुलिनची सुई खरंच सोडली, आणि श्वास काही तिला धरता आला नाही. त्याला वर्ष उलटून गेलं, तरी तो आवाज लेकीच्या कानातून हलायला तयार नव्हता.

आज ती त्याच पानासमोर उभी होती. सभागृहात मुंगीला शिरायला वाव नाही. समोर भिंतभर पडदा, त्यावर वेबसाइटचं ते पान, खाली कंप्युटर आणि एक खुर्ची. खुर्चीत बसायचं, दुःख मनातल्या मनात सांगायचं, आणि 'साद' लिहिलेल्या चौकोनाला बोट लावायचं. पडद्यावर एक ओळ उमटे, पुसली जाई, दुसरी येई. जी काळजाला भिडेल ती आपली. बाजूला गादीवर पानबाबा डोळे मिटून बसत आणि मधूनच म्हणत, "आम्ही बोलत नाही. पान बोलतं. आम्ही नुसती शाई." कंप्युटरला शाई कशाला लागते, हे कुणी विचारत नसे.

अलीकडे भक्त वाढले तसा नवाच चमत्कार सुरू झाला होता. सकाळी संथ चालणारं पान गर्दी वाढली की घुमायला लागे. ओळीवर ओळ कोसळे, वाचेवाचेपर्यंत पुसून जाई. पानात संचार झाला म्हणत लोक हात जोडत, काहीजण स्वतःच घुमू लागत. झोप उडाली होती ती बाबांच्या जावयाची. कंप्युटर तो सांभाळी, आणि ओळ वाचताच आली नाही तर भक्त किती दिवस टिकणार? त्यानं गुपचूप वेबसाइट दुरुस्त करणारी बाई शोधली. ती कुणाची लेक, हे विचारायचं त्याला सुचलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

मागच्या खोलीत तिनं पानाची स्क्रिप्ट, म्हणजे ते चालवणाऱ्या सूचना, उघडली आणि दुखणं लगेच सापडलं. तिला हसू आलं, आणि हसता हसता दात आवळले गेले. एवढ्याशा या करामतीपुढे आईनं हात जोडले होते. एक ओळ घातली की पान शहाण्यासारखं चाललं असतं. तिनं ती घातली नाही. बिघाड मोठ्या पडद्यावर, चालू असतानाच बघावा लागेल, असं तिनं जावयाला सांगितलं. त्यानं मान डोलावली.

पहिल्या रांगेत मावशी बसली होती. आईच्या पाठची, आणि साखरही आईसारखीच. सुई घेतेस ना, असं लेकीनं दर वेळी विचारावं, आणि "घेते गं बाई" म्हणत मावशीनं नजर वळवावी. एक गेली, ही दुसरी जाऊ द्यायची नव्हती.

लेकीनं माइक घेतला आणि खुर्चीतल्या भक्ताला उठायला सांगितलं. आता कुणीही बसू नका, म्हणाली. खुर्ची रिकामी, पान मात्र बोलतच होतं: 'तुझी नोकरी लवकरच पक्की होईल.'

"खुर्चीला नोकरी लागली वाटतं," मागून एक शिंपी म्हणाला, आणि पहिलं हसू फुटलं.

मग तिनं बाबांनाच बसायला सांगितलं. एवढ्या लोकांदेखत नाही कसं म्हणणार? बाबांनी बोट लावलं. ओळ उमटली: 'सूनबाई, तुझी कूस उजवेल.' हसण्यानं सभागृह दणाणलं. जावई वायर ओढायला धावला. लेकीनं त्याचं मनगट धरलं. "थांबा दादा, अजून संचार उतरवायचाय."

तिनं पान रिफ्रेश केलं. ते गप्प झालं.

मग तिनं सांगितलं: चौकोनाला बोट लावलं की आत एक घड्याळ सुरू होतं. ते ठरावीक वेळानं साठवलेल्यांतली कुठलीही एक ओळ उचलून दाखवतं. दुसऱ्यानं बोट लावलं की दुसरं घड्याळ. पण आधीचं थांबवायला लिहिणारा विसरलाय. जितकी बोटं तितकी घड्याळं, सगळी मिळून एकाच जागी ओळी बदलत सुटतात. शिंप्यानं बोट लावलं, पान संथ चाललं. त्याच्या बायकोनं लावलं, पान लगबगलं. मग रांगच लागली आणि पान पुन्हा घुमू लागलं. लेकीनं परत रिफ्रेश केलं, सगळी घड्याळं पुसली गेली. संचार जागच्या जागी विझला.

"म्हणजे आम्हीच आणत होतो होय?" शिंपी म्हणाला.

"तुम्हीच. आणि पाया यांच्या पडत होता."

बाबांचा आवाज अजून मऊच होता. "पोरी, मनात राग आहे तुझ्या. सोडून दे, हलकी होशील."

"आहे. माझ्या आईला सोडायला सांगितलंत, तिनं सोडलं. मी सोडणार नाही. आता पोलिसांना सांगणार, मग कोर्टात सांगणार. उठा त्या खुर्चीतून."

बाबा उठले. लोकांनी वाट दिली, हात कुणी जोडले नाहीत.

लेक लोकांकडे वळली. यंत्र कुणाचं मन ओळखत नाही, ती म्हणाली. कुणीतरी लिहून ठेवलेलं तेवढं दाखवतं. ओळ काळजाला भिडली तर आधी विचारा, ही लिहिली कुणी, आणि शेजारच्यालाही हीच आली का? औषध घ्यायचं की थांबवायचं, ते डॉक्टरांना विचारा. त्यांनाही का म्हणून विचारा. विचारण्यानं कुणी मरत नाही.

लोक पांगू लागले. हे झालं की छातीतली आग निवेल, असं तिला वाटलं होतं. निवली नाही. मावशी अजून बसूनच होती, चेहरा पांढराफटक. लेक तिच्या पायाशी बसली.

मावशीनंच तिचा हात ओढून घेतला.

"खोटं सांगत होते गं तुला. सुई कधीचीच बंद केलीये मी. कालपासून डोळ्यांपुढे अंधारी येते. मला दवाखान्यात ने."