सी ड्राइव्हमधली जागा कुठं जाते?

मथुराबाईंनी जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात चौतीस वर्षं टायपिंग केलं होतं. निवृत्त झाल्यावरही त्यांची बोटं काही स्वस्थ बसली नाहीत. जुळे सोलापुरातल्या घराच्या हॉलमध्ये, खिडकीशेजारी, मुलीच्या कॉलेजच्या दिवसांत घेतलेला कॉम्प्युटर होता. त्याच्यावर त्या ओळखीतल्या प्राध्यापकांचे प्रबंध टाइप करून द्यायच्या. कॉम्प्युटर आता बारा-तेरा वर्षांचा झाला होता. बटण दाबल्यावर आतला पंखा घरघरायला लागायचा, आणि पडद्यावर काही दिसेपर्यंत मथुराबाईंचा चहा उकळून तयार व्हायचा. पण त्याला मोडीत काढायचं नाव कुणी काढलं तर त्यांना राग यायचा.

मार्चमधल्या एका सकाळी प्रबंधाचं तिसरं प्रकरण सेव्ह करायला गेल्या, तर कॉम्प्युटरनं सांगितलं, डिस्कवर पुरेशी जागा नाही.

त्यांनी उघडून पाहिलं. शंभर जीबीच्या सी ड्राइव्हची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत लालभडक झाली होती. दिवाळीत पाहिलं तेव्हा जवळजवळ अर्धी मोकळी होती, हे त्यांना पक्कं आठवत होतं.

त्या घाबरल्या नाहीत. आधी रिसायकल बिन रिकामा केला. मग डिस्क क्लीनअप चालवून तात्पुरत्या फायली पुसल्या, जुन्या अपडेटचा गाळ काढला. लेक दिपालीनं कधीकाळी टाकलेले दोन गेम होते, तेही काढले. नऊ जीबी मोकळे झाले. मथुराबाईंनी समाधानानं तिसरं प्रकरण सेव्ह केलं आणि भाकरी टाकायला गेल्या.

आठवड्यानं पाहिलं तर सहा जीबी उरले होते. आणखी चार दिवसांनी साडेचार.

हे काही त्यांच्या हिशेबात बसेना. अख्खा प्रबंध म्हणजे पाच एमबी. असे दोनशे प्रबंध टाइप केले तर कुठं एक जीबी होणार. मग जागा जात कुठं होती?

अशोक चौकाजवळ ईरप्पाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी त्याला फोन लावला. ईरप्पा मूळचा मैंदर्गीचा, पन्नाशीचा, शांत माणूस. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "व्हायरस असंल मावशी, न्हायतर डिस्कचं वय झालं असंल. आणून द्या की. फॉरमॅट मारून देतो. एका दुपारचं काम हाय."

मथुराबाईंचे यजमान ज्ञानबा जेवायला बसले होते. त्यांच्यासमोर बसत त्या म्हणाल्या, "अहो, कॉम्प्युटर ईरप्पाकडे न्यायचाय. फॉरमॅट करायचाय."

"म्हंजे काय करत्यात?"

"आतलं सगळं पुसून टाकायचं आणि नव्यानं भरायचं."

ज्ञानबांनी उचललेला घास ताटात ठेवला. "नगं," ते म्हणाले. "चालतंय की अजून. कशाला पुसायचं?"

मथुराबाई बघतच राहिल्या. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात ज्ञानबांनी एकतीस वर्षं जॉबर म्हणून काढली होती. माग बिघडला की दुरुस्त करायचा, हे त्यांचं काम. बोलणं मुळातच कमी. त्यात अलीकडे तर ते आपल्याच तंद्रीत असायचे. काही विचारावं तर 'व्हय व्हय' म्हणून मोकळे व्हायचे. त्या माणसानं कॉम्प्युटरबद्दल मत द्यावं, आणि तेही इतकं ठाम?

त्यांनी विषय तेवढ्यावर सोडला, पण मनातून त्या आधीच यजमानांवर रुसलेल्या होत्या. त्यालाही महिना होऊन गेला होता. दिपाली बंगळुरात नोकरी करायची. रोज संध्याकाळी सातला कॉम्प्युटरवर तिचा व्हिडिओ कॉल व्हायचा. मोठ्या पडद्यावर तिचा चेहरा नीट दिसतो म्हणून फोनपेक्षा हेच बरं वाटायचं. फेब्रुवारीत एकदा ती म्हणाली होती, "आप्पा, उन्हाळ्यात महिनाभर इकडे येऊन राहा ना. मी एक खोली मोकळी करून ठेवते." त्यावर ज्ञानबा म्हणाले होते, "आंबं आलं की बगू." त्यावर पोरगी भलत्याच विषयावर बोलू लागली. तिचा उतरलेला चेहरा मथुराबाईंनी पाहिला होता. इतक्या मायेनं बोलावलं आणि यांनी असं उडवून लावलं. दोन दिवस त्या धुसफुसल्या. तोंडानं मात्र काही बोलल्या नाहीत.

फॉरमॅट नको तर नको. मथुराबाईंनी स्वतःच छडा लावायचं ठरवलं. एका वहीत त्या मोकळी जागा लिहून ठेवू लागल्या. सकाळी आठला, दुपारी दोनला, संध्याकाळी सहाला आणि झोपण्याआधी नऊला. पाचव्या दिवशी वही समोर घेऊन बसल्या, तेव्हा गोष्ट अगदी उघड दिसत होती. सकाळपासून सहापर्यंत जागा एका एमबीनंही हलत नव्हती. जे काही जायचं ते सहा ते नऊच्या मध्येच जायचं, तीनशे-चारशे एमबी. रविवारी गप्पा लांबल्या तेव्हा सातशे गेले. आणि बुधवारी दिपाली प्रवासात होती, कॉल झालाच नाही. त्या दिवशी काहीच गेलं नव्हतं.

म्हणजे जागा आपली पोरगीच खातेय, असं मनात येऊन त्यांना हसू फुटलं.

आता शोधायचं कुठं ते कळलं होतं. कॉलच्या प्रोग्रामचं फोल्डर त्यांनी उघडलं. आत ओळीनं फोल्डरच फोल्डर होते, प्रत्येकाला एकेक तारीख. मोजले तर एकशे अठरा. पहिला भाऊबीजेनंतरचा, शेवटचा कालचा. सगळे मिळून एक्केचाळीस जीबी.

त्यांनी अंदाजानं एक उघडलं. पडद्यावर दिपाली बोलू लागली, आणि कोपऱ्यातल्या लहान चौकटीत त्या स्वतः आणि ज्ञानबा शेजारी शेजारी बसलेले दिसले. कॉलच रेकॉर्ड झाला होता. वरच्या बाजूला तो लाल ठिपका होता. कॉल चालू असताना तो रोज दिसायचा, आणि त्या इतके दिवस त्याला कॅमेऱ्याचा दिवा समजत होत्या.

कॉम्प्युटर आपोआप रेकॉर्ड करत असणार, असं त्यांनी धरलं. सगळे फोल्डर निवडले. आता डिलीट दाबायचं, की काम झालं. पण व्हिडिओ मागे चालूच होता, आणि त्यांचं लक्ष त्या लहान चौकटीकडे गेलं. कॉल चालू असताना त्या लेकीकडेच बघत असायच्या. शेजारी बसलेल्या माणसाकडे कशाला बघतील?

दिपाली विचारत होती, "आप्पा, गुडघा कसा आहे?"

"व्हय, जेवलो की," ज्ञानबा म्हणाले.

दिपाली हसली. चौकटीतल्या मथुराबाईही हसल्या, आणि त्या हसल्याचं पाहून, क्षणभर उशिरा, ज्ञानबाही हसले. ते पडद्याकडे बघत नव्हते. मथुराबाईंच्या तोंडाकडे बघत होते.

मथुराबाईंनी आणखी एक कॉल उघडला, मग आणखी एक. प्रत्येकात तेच. मग त्यांनी डिलीट न दाबता कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या कॉलनीतल्या वाचनालयात गेल्या होत्या. चार वाजता शेजारच्या गोजरबाईंचा फोन आला, "पाणी आलंय बघा, लवकर या." नळाला पाणी पाच दिवसांनी आलं होतं, आणि नळाचा आवाज ज्ञानबांना जाणार नाही हे मथुराबाईंना आता कळत होतं. त्या लगबगीनं घरी आल्या. किल्लीनं दार उघडलं. ज्ञानबा त्यांच्याकडे पाठ करून कॉम्प्युटरसमोर बसले होते. कानांवर दिपालीचे कॉलेजातले मोठे हेडफोन होते. आवाज इतका चढवला होता की दारापर्यंत लेकीचं बोलणं किरकिरत ऐकू येत होतं. कालचाच कॉल होता.

"व्हय बाई," ज्ञानबा पडद्याला म्हणत होते. "गुडगा बरा हाय. तू नीट जेवत जा."

काल न ऐकू आलेल्या प्रश्नांना ते आज उत्तरं देत होते.

मथुराबाई पावलं न वाजवता आत गेल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पावलं वाजली असती तरी काय बिघडणार होतं. हंडे-बादल्या भरून होईपर्यंत त्या स्वयंपाकघरातच थांबल्या. डोळे पुसले. चहा केला. दोन कप घेऊन बाहेर आल्या आणि एक त्यांच्यासमोर धरला.

ज्ञानबा दचकले. हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"कदी आलीस?"

"मघाशीच." त्या समोर स्टूल ओढून बसल्या, तोंड त्यांच्याकडे करून. "अहो, किती दिवस ऐकू येत नाहीये?"

ज्ञानबांनी चहाकडे बघितलं.

"समोरासमोर येतंय की," ते म्हणाले. "तुजं तर समदंच कळतंय. तुजी सवय हाय. पर हितनं येणारा आवाज..." त्यांनी पडद्याकडे हात केला. "माग चालू असल्यावानी वाटतंय. दिवाळीत दिपाली आलती तवा तिला इचारलं, की हे साठवायचं कसं. आईला पुन्यांदा बगाया आवडतं, असं सांगितलं. मग तिनंच रोज आपोआप साठंल असं करून दिलं."

"मला सांगायचं होतं."

"तू डाक्टरकडं न्हेलं असतंस."

"मग? नेलंच असतं."

"म्हनून तर." ते जरा ओशाळून हसले. "कारखान्यात समदे बहिरेच. आमी एकमेकांना हातानं खुणा करायचो. तितं कुणाला काय वाटत नव्हतं. घरात कसं सांगावं?"

कीबोर्डाखाली कॅलेंडरचं एक जुनं पान दुमडून ठेवलं होतं. मथुराबाईंनी ते ओढून घेतलं. पाठीमागं ज्ञानबांच्या ठसठशीत अक्षरात तारखा होत्या, आणि प्रत्येक तारखेपुढे मिनिटं आणि सेकंद.

"हे काय?"

"चार-चार येळा ऐकूनबी कळलं न्हाय ते."

मथुराबाई उठल्या, खुर्चीशेजारी स्टूल लावलं आणि पान समोर ठेवलं. "चला. एकेक लावा. मी सांगते."

त्या संध्याकाळी त्यांनी सगळं पान संपवलं. ज्ञानबा नेमक्या सेकंदावर व्हिडिओ न्यायचे, मथुराबाई कान देऊन ऐकायच्या आणि त्यांच्याकडे तोंड करून सांगायच्या. शेंगाची चटणी संपली म्हणतेय. ऑफिसातल्या मैत्रिणीचं लग्न जमलं म्हणतेय. एका ठिकाणी त्यांनाही काही कळेना, तेव्हा ज्ञानबांना फार बरं वाटलं.

मग फेब्रुवारीतली एक तारीख आली. अकरा मिनिटं, वीस सेकंद. मथुराबाईंनी ऐकलं आणि त्या थांबल्या.

"काय म्हनती?" ज्ञानबांनी विचारलं. "हितं ती माज्याकडं बगून बोलती, येवडं कळतंय. आंब्याचं काय तरी इचारलं, असं वाटलं मला."

"उन्हाळ्यात महिनाभर येऊन राहा, म्हणतेय. तुमच्यासाठी खोली मोकळी करून ठेवते, म्हणतेय."

"मला?"

"तुम्हालाच. आप्पा म्हणून हाक मारली की."

ज्ञानबांनी व्हिडिओ मागे नेला, पुन्हा लावला. लेकीच्या ओठांकडे बघत राहिले. "आन् मी काय बोललो?"

मथुराबाईंनी सांगितलं. ज्ञानबांनी कपाळावर हात मारला. महिनाभर उराशी धरलेला राग मथुराबाईंनी त्यांना सांगून टाकला, आणि वर माफीही मागितली. ज्ञानबा म्हणाले, "तुजं काय चुकलं? मीच आंबं आनलं मदी."

पुढं सगळं रीतसर झालं. ईरप्पानं बाहेरून जोडायची नवी डिस्क आणून दिली आणि साठलेले सगळे कॉल तिच्यावर हलवले. व्हायरस नव्हता, डिस्कही धड होती, हे कळल्यावर तो म्हणाला, "मावशी, तुमी माज्या दुकानात बसाया पायजे." कानाच्या डॉक्टरांनी तपासून दोन्ही कानांसाठी यंत्रं दिली. पहिला आठवडा ज्ञानबा वैतागले होते. पातेल्यावर झाकण ठेवलं तरी त्यांना ते डोक्यात वाजल्यासारखं वाटायचं. दोनदा त्यांनी यंत्रं काढून कपाटात ठेवली. मथुराबाईंनी दोनदा ती परत आणून दिली.

नवव्या दिवशी सातच्या कॉलला ते यंत्रं घालून बसले. दिपाली नेहमीसारखी भरभर बोलू लागली. ज्ञानबांनी हात वर केला.

"थांब जरा. मला नीट ऐकू आलं न्हाय. परत म्हन."

दिपाली थबकली. आईकडे बघितलं, मग बापाकडे. आप्पांच्या तोंडून हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. मग ती खुर्ची पुढं ओढून बसली आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मी विचारत होते, आप्पा, की एप्रिलचं तिकीट काढू का मेचं?"

"एप्रिलचं काड," ज्ञानबा म्हणाले. "आन् ज्वारीचं पीठ आमी घिऊन येतो. तितं न्हाय मिळायचं चांगलं."